गुडघा-प्रतिस्थापन : पूर्वीच्या अस्थिबंध-शस्त्रक्रियेचा परिणाम

गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधावर (दोन हाडांना एकमेकांशी जखडून ठेवणाऱ्या चिवट तंतुमय पट्ट्यावर) तरुणपणी शस्त्रक्रिया झालेली असून पुढे त्याच गुडघ्याचा सांधा झिजल्यामुळे तो बदलावा लागला, तर पहिल्या शस्त्रक्रियेचा दुसरीच्या तंत्रावर व फलितावर जो परिणाम होतो त्याचे विवेचन या नोंदीत केले आहे. यूरोप व उत्तर अमेरिकेत १९७० नंतर अशा अस्थिबंध-शस्त्रक्रिया खेळाडूंवर मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. भारतात त्यांचा प्रसार मुख्यतः १९९० नंतर, संधिदर्शकाच्या (सांध्यात घालावयाच्या बारीक दुर्बिणीच्या) वापराबरोबर झाला. कबड्डी, फुटबॉल यांसारखे खेळ आणि दुचाकी वाहनांचे अपघात ही आपल्याकडील इजेची नेहमीची कारणे होत. त्या काळातील रुग्ण आता पन्नाशी-साठीत पोहोचले असल्याने हा प्रश्न केवळ तज्ञांपुरता राहिलेला नाही.

गुडघ्यात मांडीचे हाड (ऊर्वस्थी), नडगीचे हाड (अंतर्जंघास्थी) व वाटी (जान्वस्थी) ही तीन हाडे एकत्र येतात. हाडांच्या आकारामुळे या सांध्याला फारसे स्थैर्य मिळत नाही, कारण मांडीच्या हाडाची गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. स्थैर्य येते ते स्नायू आणि अस्थिबंध यांमुळे. सांध्याच्या दोन्ही बाजूंस एकेक पार्श्व बंध असतो आणि मध्यभागी फुलीप्रमाणे एकमेकांस छेदून जाणारे दोन स्वस्तिक बंध असतात. त्यांपैकी पुढील, म्हणजे अग्र स्वस्तिक बंध नडगीला पुढे सरकू देत नाही व तिच्या पिळण्यास आवर घालतो. त्याची लांबी सु. ३ सेंमी. व जाडी साधारण करंगळीएवढी असते. खेळाडूंमध्ये तो ‘एसीएल’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. धावताना एकदम दिशा बदलल्यास किंवा उडीनंतर पाय वेडावाकडा टेकल्यास तो तुटतो. तुटलेला अग्र बंध आपोआप क्वचितच नीट सांधला जातो. सांध्यात दोन्ही हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. बोलण्यात त्यांना ‘गादी’ म्हणतात. भार विभागून देणे हे त्यांचे काम असून बंधाबरोबर त्याही पुष्कळदा फाटतात.

इतिहास : लीड्स येथील शस्त्रक्रियाविशारद आर्थर मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे दोन्ही स्वस्तिक बंध टाके घालून शिवले आणि १९०३ मध्ये ती हकीकत प्रसिद्ध केली. ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्ह्झ यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरील बाजूच्या प्रावरणीची (स्नायूंवरील चिवट आवरणाची) पट्टी हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवून नवा बंध तयार केला. आजच्या तंत्राचे मूळ तेथेच आहे. पुढे केनेथ जोन्स यांनी १९६३ मध्ये वाटी व नडगी यांना जोडणाऱ्या कंडरेचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचा) मधला तुकडा या कामी वापरला. १९७० व १९८० च्या दशकांत बंध आतून न बांधता गुडघ्याच्या बाहेरील बाजूस पट्टी घट्ट ओढून बसविण्याच्या पद्धतीही प्रचारात होत्या. कॅनडातील मॅकिन्टॉश व फ्रान्समधील लमेअर यांची नावे त्यांच्याशी निगडित आहेत. त्याच सुमारास कार्बन तंतू, डॅक्रॉन, गोअरटेक्स इ. कृत्रिम द्रव्यांचे बंधही वापरले गेले. ते झिजून त्यांचे कण सांध्यात पसरत व श्लेषककलेचा (सांध्याच्या आतील अस्तराचा) शोथ म्हणजे दाहयुक्त सूज उत्पन्न होई. कार्बन तंतू वापरलेला सांधा पुढे कधी उघडल्यास आतील अस्तर काळे पडलेले दिसते. संधिदर्शकातून केलेली पहिली पुनर्रचना ब्रिटनमधील डेव्हिड डँडी यांनी १९८० मध्ये केली. तिच्यातही कार्बन तंतूच होते.

सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याला समांतर आहे. प्रारंभीचे कृत्रिम सांधे बिजागरीसारखे असल्याने लवकर सैल होत. मांडी व नडगी यांच्या टोकांवर धातूचे कवच आणि त्यांमध्ये पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचा तुकडा ही आज रूढ असलेली रचना न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल, चित्तरंजन रानावत व पीटर वॉकर यांनी १९७० च्या दशकात सिद्ध केली. या शस्त्रक्रियेला लोक ‘वाटी बदलणे’ म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. वाटी जागच्या जागीच राहते आणि फार तर तिच्या मागच्या पृष्ठावर प्लॅस्टिकचे अस्तर बसविले जाते.

झीज कशामुळे? : बंध पुन्हा बांधला म्हणजे सांधा वाचला अशी समजूत रुग्णांत दृढ आहे. ती बरोबर नाही. शस्त्रक्रियेमुळे गुडघ्याचे लचकणे थांबते व रुग्ण खेळू शकतो. परंतु इजेच्या क्षणी हाडांवरील मऊ कूर्चेला बसलेला मार आणि फाटलेल्या गादीचे नुकसान भरून निघत नाही. गादी काढून टाकल्यावर सांध्यात होणारे बदल टी. जे. फेअरबँक यांनी १९४८ मध्ये क्ष-किरण चित्रांवरून दाखवून दिले होते. तरीही नंतरची कित्येक वर्षे ती सर्रास समूळ काढली जात असे. स्वीडनमधील महिला फुटबॉलपटूंच्या एका पाहणीत (२००४) बंध तुटल्यानंतर १२ वर्षांनी, सरासरी ३१ वर्षे वयाला, क्ष-किरण चित्रे काढलेल्यांपैकी सु. निम्म्या जणींच्या गुडघ्यात झिजेची लक्षणे आढळली, आणि पुनर्रचना झालेल्या व न झालेल्या खेळाडूंत या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. चित्रात दिसणारी झीज व सांधा बदलण्याची गरज या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या नोंदींवर आधारलेल्या २०१४ च्या अभ्यासात स्वस्तिक बंधाची पुनर्रचना झालेल्यांपैकी १.४ टक्के लोकांचा सांधा १५ वर्षांच्या आत बदलावा लागला. त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण ०.२ टक्का होते. म्हणजे धोका सातपट, पण मुळात थोडाच. पंधरा वर्षे हा काळही या आजाराच्या मानाने आखूड आहे.

शस्त्रक्रियेतील अडचणी : पूर्वी शस्त्र न लागलेला गुडघा आणि असा गुडघा यांतील फरक पहिला छेद घेण्यापूर्वीच जाणवू लागतो. गुडघ्यासमोरील त्वचेला रक्तपुरवठा मुख्यतः आतील (दुसऱ्या पायाकडील) बाजूने होतो. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियांचे लांब व्रण एकापेक्षा अधिक असतात व ते निरनिराळ्या बाजूंना असतात. दोन समांतर उभ्या छेदांमध्ये त्वचेची अरुंद पट्टी उरली, तर तिचा रक्तपुरवठा तुटून ती मरू शकते आणि खालचा धातूचा सांधा उघडा पडतो. म्हणून शक्यतो जुनाच छेद वापरतात, असे अनेक छेद असल्यास त्यांतील सोयीचा पण सर्वांत बाहेरचा निवडतात आणि आडवा व्रण ओलांडावयाचा झाल्यास तो काटकोनात ओलांडतात. संधिदर्शकातून केलेल्या अलीकडच्या शस्त्रक्रियांचे व्रण लहान असल्याने ही अडचण आता कमी होत चालली आहे.

त्यानंतर धातूचा प्रश्न येतो. नवा बंध बोगद्यात पक्का धरून ठेवण्यासाठी स्क्रू, चापासारखे खिळे किंवा हाडाच्या बाहेरील पृष्ठावर अडकविलेली लहान बटणे वापरलेली असतात. कृत्रिम सांध्याच्या नडगीकडील भागाला खाली एक दांडा असतो आणि नडगीतील स्क्रू नेमका त्याच्या वाटेत येऊ शकतो. मांडीच्या हाडातील स्क्रू पुष्कळदा वाटेत येत नाही, पण पश्च स्वस्तिक बंधाची जागा घेणारा सांधा बसविण्यासाठी दोन्ही गोलसर टोकांमधून चौकोनी खाच कापावी लागते, तेव्हा तोही आड येतो. अशा वेळी धोरण असे की, जो धातू आड येतो तेवढाच काढावा. मांडीच्या वरच्या बाजूचे बटण काढण्यासाठी निराळा छेद घेऊन नवे नुकसान करण्यात अर्थ नसतो. स्क्रू काढणे हे कागदावर सोपे वाटते, पण वीस-पंचवीस वर्षांत त्यावर हाड चढलेले असते व त्याच्या माथ्याची खाच झिजलेली असते. प्रत्येक उत्पादकाच्या स्क्रूच्या खाचेचा आकारही निराळा असतो. योग्य हत्यार हाताशी नसेल, तर त्या एका स्क्रूपायी भोवतीचे पुष्कळ चांगले हाड कोरून काढण्याची पाळी येते आणि नव्या सांध्याला ज्या हाडाचा आधार घ्यावयाचा तेच दुबळे होते. जुन्या शस्त्रक्रियेच्या टिपणाचे खरे मोल येथे कळते. कोणत्या वर्षी, कोणती कंडरा वापरून, कोणत्या कंपनीचा व कोणत्या मापाचा स्क्रू बसविला, गादीचा किती भाग काढला, एवढ्या चार ओळी उपलब्ध असल्या तर शस्त्रक्रियेची तयारी आदल्या दिवशीच होऊ शकते. आपल्याकडे अशी कागदपत्रे रुग्णाने व रुग्णालयाने वीस वर्षे जपून ठेवल्याची उदाहरणे थोडी, हे खेदाने नमूद केले पाहिजे. टिपण नसेल तर क्ष-किरण चित्रांवरून धातूचा आकार व जागा अजमावावी लागते. शरीरात विरघळणारे स्क्रू क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत, परंतु ते हाडाबरोबर कापले जात असल्याने फारसा त्रास देत नाहीत.

हाडातील बोगदे कालांतराने रुंद होतात असे आढळले आहे. बोगदा मोठा असल्यास सांधा बसविताना कापून निघालेल्या हाडाचाच भुगा त्यात ठासून भरतात. नडगीचा माथा फारच पोकळ झाला असेल, तर अधिक लांब दांड्याचा भाग वापरतात.

सर्वांत नाजूक बाब वाटीखालील कंडरेची आहे. नव्या बंधासाठी तिचा मधला तिसरा हिस्सा काढून घेतलेला असल्यास, तसेच तिच्यामागील मेदाच्या गादीत व्रण-ऊतक (जखम भरताना तयार होणारे तंतुमय ऊतक) माजल्यास ती आखडते आणि वाटी खाली ओढली जाते. कंडरेची लांबी व वाटीची लांबी यांचे गुणोत्तर सामान्यतः १ च्या आसपास असते. इन्सॉल व साल्व्हाटी यांनी १९७१ मध्ये सुचविलेले हे माप ०.८ पेक्षा कमी भरल्यास वाटी खाली आली आहे असे समजतात. अशा गुडघ्यात वाटी बाजूला सारून सांध्यात पोहोचणे अवघड जाते. जोर लावल्यास कंडरा नडगीवरून उपटली जाण्याची भीती असते आणि तसे झाले तर पाय सरळ उचलण्याची शक्तीच जाते. ही इजा दुरुस्त करण्याचे उपाय आजही समाधानकारक नाहीत. त्यामुळे घाई न करता आतील व्रण-ऊतक सोडवून घेणे, मांडीच्या पुढील स्नायूच्या कंडरेस वरच्या बाजूस तिरका छेद देणे, अथवा क्वचित नडगीवरील उंचवटा हाडासकट कापून उचलणे आणि शेवटी पुन्हा बसविणे असे मार्ग अवलंबितात. मांडीच्या मागील कंडरा वापरून पुनर्रचना झालेल्या रुग्णांत ही अडचण कमी आढळते.

मूळ गुडघा किती वाकत होता यावर बदललेला गुडघा किती वाकेल हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा सांधा ताठर राहिला, त्यांनी नव्या सांध्याकडून मांडी घालून बसण्याची अपेक्षा धरू नये, असे आधीच सांगणे इष्ट असते. उलट काही गुडघे सैल असतात. अनेक बंध एकाच वेळी तुटलेले असल्यास पार्श्व बंधही निकामी झालेले असू शकतात, आणि मग साधा सांधा न बसविता अंगचेच अधिक स्थैर्य असलेला सांधा हाताशी ठेवावा लागतो. बाहेरील बाजूस पट्टी घट्ट ओढून केलेल्या जुन्या शस्त्रक्रियांत सांध्याची ती बाजू आखडलेली असते व ती मोकळी केल्याशिवाय दोन्ही बाजूंचा ताण सारखा साधत नाही. झिजेची जागाही वेगळी असते. वयोमानानुसार झिजलेल्या गुडघ्यात नडगीच्या माथ्याचा आतील भाग बहुधा पुढच्या बाजूस झिजतो. अग्र बंध निकामी असल्यास नडगी पुढे सरकत राहिल्याने झीज मागच्या बाजूस जाते आणि हाड कापताना हे ध्यानात ठेवावे लागते. नवा अग्र बंध मात्र सुस्थितीत असला तरी बहुतेक प्रकारच्या पूर्ण प्रतिस्थापनात तो कापून टाकावाच लागतो. ज्या दोरीसाठी रुग्णाने तरुणपणी वर्षभर कष्ट सोसले, ती बादलीत टाकताना शस्त्रक्रियाविशारदालाही चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही.

पूर्वी उघडलेल्या सांध्यात सुप्त जंतुसंक्रामण राहिले असण्याची शक्यता कमी असली, तरी तिची दखल घ्यावी लागते. रक्तातील तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग (खाली बसण्याचा वेग) व सी-विक्रियाशील प्रथिन यांचे मापन करतात आणि शंका आल्यास सांध्यातील द्रव सुईने काढून तपासतात. संक्रामण सिद्ध झाल्यास आधी जुना धातू व रोगट ऊतक काढून, औषधयोजना पूर्ण करून मगच नवा सांधा बसवितात.

फलित : या विषयावरील बहुतेक अभ्यास लहान गटांचे असून त्यांत पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांची तुलना त्याच वयाच्या व बांध्याच्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांच्या गुडघ्यांशी केलेली असते. फ्रान्समधील ल्यों येथील २०१२ च्या अशा तुलनेत शस्त्रक्रिया अधिक अवघड जात असली तरी पुढील काही वर्षांतील कार्यक्षमतेत मोठा फरक दिसला नाही. अमेरिकेतील डेन्व्हर येथील २०१७ च्या अभ्यासात मात्र शस्त्रक्रियेला अधिक वेळ लागला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाणही अधिक आढळले. त्याच्या कारणांत जंतुसंक्रामण होते. दोन्ही निष्कर्षांत विरोध आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्यांच्या बाबतीत काही बिघडत नाही त्यांना वेदनामुक्ती व चालण्याची क्षमता इतरांइतकीच मिळते. परंतु बिघाड होण्याची शक्यता त्यांच्यात थोडी जास्त असते, आणि ती शक्यता मुख्यतः ताठर, खाली आलेल्या वाटीच्या व वारंवार उघडलेल्या गुडघ्यांत एकवटलेली असते. संधिदर्शकातून एकदाच, नीटपणे शस्त्रक्रिया झालेला गुडघा या बाबतीत सामान्य गुडघ्याच्या बराच जवळ असतो.

याहून मोठा प्रश्न वयाचा आहे. बंध तुटलेल्या रुग्णांवर सांधा बदलण्याची वेळ इतरांपेक्षा लवकर, पुष्कळदा पन्नाशीतच येते. ब्रिटनमधील नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सत्तरीनंतर सांधा बदललेल्या व्यक्तीला उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सु. ५ टक्के असते, तर पन्नाशीच्या प्रारंभी बदलून घेतलेल्या पुरुषाच्या बाबतीत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. दुसऱ्यांदा सांधा बदलणे हे पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. तेव्हा जुन्या स्क्रूपेक्षा रुग्णाचे तरुण वय व त्याची धावपळ यांचाच भार नव्या सांध्यावर अधिक पडतो असे म्हणावे लागते. वजन आटोक्यात ठेवणे, मांडीचे स्नायू व्यायामाने बळकट करणे, वेदनाशामकांचा बेताने उपयोग व गरजेप्रमाणे काठी या उपायांनी काही वर्षे निभावता आली, तर या रुग्णांच्या दृष्टीने ती वर्षे मोलाची ठरतात. पाय कमानीसारखा वाकडा झाला असून झीज एकाच बाजूला मर्यादित असेल, तर नडगीचे हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रियाही सुचविली जाते. मात्र तिच्यामुळे पुढील प्रतिस्थापनात आणखी एक व्रण व आणखी धातू यांची भर पडते.

केवळ झिजलेली बाजूच बदलण्याचा अर्ध-प्रतिस्थापनाचा मार्ग अशांना एरवी सोयीचा वाटला असता. पण त्यासाठी अग्र स्वस्तिक बंध कार्यक्षम असणे ही मूलभूत अट मानली जाते, कारण तो नसल्यास नडगी पुढे-मागे सरकत राहून नवा भाग लवकर सैल होतो. पूर्वी पुनर्रचना केलेला बंध अद्याप घट्ट असल्याचे तपासणीत व चुंबकीय अनुस्पंदन चित्रणात दिसून आले, तर निवडक रुग्णांत हा मार्ग वापरतात. तो सैल असला, तर बंधाची पुन्हा पुनर्रचना व अर्ध-प्रतिस्थापन ही दोन्ही एकाच वेळी किंवा थोड्या अंतराने करण्याची पद्धतीही काही केंद्रांत अवलंबिली जाते. तिची निवड प्रायः पन्नाशीच्या आतील, जास्त हालचाल असणाऱ्या रुग्णांपुरतीच ठेवतात.